यंत्राने दिलेल्या नावावर भिस्त नको

भातलावणी उरकली की कोकणातल्या आमच्या प्रयोगशाळेत न्यूमोनियाचे नमुने वाढतात. अशाच एका पावसाळ्यात आयसीयूतून एका शेतकऱ्याचा बेडका आला. फॉर्मवर शब्द दोनच: ताप, खोकला. जीन एक्स्पर्ट निगेटिव्ह असूनही एक्स-रेमधल्या डागावरून टीबीची औषधं चालू होती. ताप काही हटत नव्हता.

दुसऱ्या दिवशी प्लेटवर बारीक, फिकट वसाहती उठल्या. ग्रॅम निगेटिव्ह, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह. यंत्र म्हणालं, बर्खोल्डेरिया सेपेशिया. रिपोर्ट पाठवून मोकळं होता आलं असतं, पण अँटिबायोटिकच्या चकत्या आड आल्या. जेंटामायसिनच्या चकतीला खेटून दाट वाढ, कोलिस्टिनला दाद नाही आणि ऑगमेंटिनभोवती मात्र स्वच्छ, मोकळं वर्तुळ. सेपेशिया ऑगमेंटिनला सहसा बधत नाही.

वॉर्डात फोन लावला. मधुमेह? आहे, साखर कधीच ताब्यात नसते. लावणीला चिखलात उतरले होते? रोजच, अनवाणी. प्लेट टाकून न देता ठेवली, तेव्हा तीन-चार दिवसांत वसाहती कोरड्या, सुरकुतलेल्या झाल्या. पीसीआरने शिक्कामोर्तब केलं: बर्खोल्डेरिया स्यूडोमॅलाय, म्हणजे मेलिऑयडोसिस.

हा जंतू माती-पाण्यातला. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी रंगूनमधल्या रुग्णांवरून १९१२ मध्ये या रोगाचं वर्णन केलं होतं. आपण त्याला ‘उदयोन्मुख’ म्हणतो, कारण आपल्या किनाऱ्यावर तो आत्ता कुठे ओळखू येऊ लागलाय!

तरुण सहकाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की जेंटामायसिन-कोलिस्टिनला न जुमानणारा आणि ऑगमेंटिनला बधणारा ऑक्सिडेज पॉझिटिव्ह जंतू ‘स्यूडोमोनास असेल’ म्हणून सोडू नका. संशय येताच काम सेफ्टी कॅबिनेटमध्ये न्या. प्लेटचा वास घ्यायची जुनी खोड इथे जिवावर बेतू शकते. बेडक्यासोबत रक्त, लघवी, घशाचा स्वॅब, असेल तर पूही मागवा. वॉर्डातल्या डॉक्टरांनी फॉर्मवर धंदा आणि मधुमेह लिहावा. नातेवाइकांनीही विचारायची वाट न बघता ते सांगावं.

नाव नक्की झालं की उपचार लांबलचक असतात. सेफ्टाझिडीम किंवा मेरोपेनेम शिरेतून किमान दोन आठवडे, मग कोट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने. ताप उतरला की या गोळ्या सुटतात, आणि रोग उलटतो. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर गोळ्या संपण्याची तारीख ठळक लिहायला मी फिजिशियनना आवर्जून सांगतो.