क्षमा करा, पण हक्क सोडू नका

प्रश्न : वडिलांच्या पश्चात भावाने मला न विचारता घर स्वतःच्या नावावर करून घेतले. नातेवाईक म्हणतात, "देवाची इच्छा समज, क्षमा कर नि गप्प राहा." क्षमा केली तर हिस्सा सोडावा लागेल का?
– एक भगिनी, वसई

उत्तर : ताई, मुळीच नाही. बायबलमधील उत्पत्तीच्या पुस्तकातला योसेफ आठवा. भावांनी त्याला 20 शेकेल चांदीला विकले. देवाने त्यातूनही भले घडवले, असे त्याने मानले. पण भावांचा हेतू वाईट होता, हेही त्याने तोंडावर सांगितले. देव सांभाळतो म्हणून अन्याय योग्य ठरत नाही. शिवाय पुढे भाऊ पुन्हा भेटले, तेव्हा ओळख देण्याआधी योसेफाने त्यांना पारखून घेतले. क्षमा म्हणजे सूड सोडणे. गमावलेला विश्वास मात्र समोरच्याने पुन्हा कमवावा लागतो.

घराचे उतारे काढून वकिलांना दाखवा. हक्कसोडपत्रावर घाईने सही करू नका. भावाशी बोलताना दोघांना मान्य असलेली जाणती व्यक्ती सोबत घ्या. धमकी किंवा मारहाण झाली, तर पोलिसांकडे जा.

प्रार्थनेत राग लपवू नका. क्षमेला वेळ लागतोय म्हणजे तुमची श्रद्धा उणी आहे, असे नाही. योसेफ आणि त्याचे भाऊ पुन्हा भेटेपर्यंत 20हून अधिक वर्षे गेली होती. देव तुमच्यासोबत आहे. निर्धास्त मनाने पहिले पाऊल टाका.