पोदुम म्हणायला शीक

काल वजनकाट्यावरून उतरलास आणि काटाच पायाने पलंगाखाली ढकललास, ते मी स्वयंपाकघरातून पाहिलं. काही बोलले नाही. वजन उतरवायच्या ऑपरेशननंतर १२८ वरून ८४ वर आला होतास, आता ९२ झालंय, एवढंच ना? माझ्या ऑपरेशननंतर चौथ्या वर्षापर्यंत माझे ११ किलो परत आले होते, आणि मी सहा महिने त्या काट्यावर तांदळाची पिशवी ठेवली होती. तांदळाचं वजन तेवढं नीट कळलं.

आधी हिशोब ऐक. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा ऑपरेशनवाल्यांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली गेली. पहिल्या एक-दोन वर्षांत वजन सगळ्यात जास्त उतरलं, मग थोडं थोडं चढलं, आणि दहा वर्षांनीही माझ्यासारखे बायपासवाले मूळ वजनाच्या साधारण २५ टक्के खालीच होते. तू आज २८ टक्के खाली आहेस. म्हणजे घर जळालेलं नाही, भांडं करपायला लागलंय. आत्ताच आच कमी करायची.

भूक परत का लागली म्हणून डॉक्टरांवर चिडू नकोस. तुझ्या स्लीव्ह ऑपरेशनमध्ये पोटाचा पाऊण हिस्सा काढला. त्याच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं भुकेचं हार्मोन जास्त तयार होतं, तो भागच गेला. म्हणून पहिलं वर्षभर तुला जेवणाची आठवण करून द्यावी लागत होती. पण वजन एवढं उतरलं की शरीराला वाटतं, दुष्काळ पडला. ते खर्च आखडतं आणि भूक वाढवतं. ही भूक म्हणजे तुझा हावरटपणा नाही, हे एकदा डोक्यात बसव. मला ते कळायला चार वर्षं लागली.

आता मुद्द्याचं. तुला वाटतं तू जास्त जेवतोस. नाही रे, जेवण तुझं अजून माझ्या नातीएवढंच आहे. तू मऊ खातोस, आणि मधेमधे खातोस. इकडे तमिळनाडूत श्रीपेरुंबुदूरला येऊन तुला वर्ष झालं. या गावात सकाळ होते ती तुपाने लकाकणाऱ्या पोंगलने आणि सांबारात बुडवलेल्या इडलीने. लहान पोटात घट्ट, कोरडं अन्न टिकतं. पातळ आणि गिळगिळीत भराभर खाली जातं. सांबारात भिजलेली इडली तुझ्या पोटात मुक्कामाला येत नाही, ती नुसती बस बदलायला थांबते. तासाभरात तू पुन्हा डबा उघडतोस. दहीभाताचं तेच. बिस्किटं, मुरुक्कू, चिवडा कुरकुरीत लागतात, पण चहाबरोबर त्यांचीही लापशीच होते. पोट लहान झालं तरी चिवड्याला वाट मोकळीच राहते.

सगळ्यात मोठी चूक मी केली ती आपल्या मराठी बाण्याने. वजन वाढलं म्हणून गुरुवार धरले. आणि उपासाला काय? साबुदाण्याची खिचडी! मऊ, तूप-दाण्याचं कूट घातलेली, प्रथिनं बेताची. संध्याकाळी अशी भूक लागायची की उपास सोडताना ताटाकडे नीट बघायचेही नाही. देवाला काय वाटलं माहीत नाही, काट्याला मात्र फार आनंद झाला. तेव्हा उपाशी राहून वजन उतरवायचा विचार सोड. खरी भूक लागली की तिच्याशी हुज्जत घालायची नाही, तिला घट्ट काहीतरी द्यायचं.

पिठलं नको, झुणका कर. आमटी नको, मटकीची कोरडी उसळ. इथलीच अडै घे, डाळी-तांदूळ जाडसर वाटलेली, डाळीचा हात सैल ठेवलेली. एकीत माझं भागतं. नवरात्रात देवापुढे वाटतात ते सुंडल रोज करायला कोणाची बंदी आहे? शिजलेले काबुली चणे वाटीभर घेतलेस तर १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं मिळतात, एका अंड्यात ६, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८. दिवसाचे ६० ते ८० ग्रॅम व्हायला हवेत, ते नुसत्या सांबाराने होणार नाहीत. मासे खातोस ना? इथला वंजरम म्हणजे आपली सुरमई. तव्यावर भाजलेला तुकडा आधी संपव, भाताकडे नंतर बघ. बहुतेक वेळा बघायची गरज पडत नाही.

पाणी जेवताना नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. हे तुला पहिल्या दिवशीच सांगितलं होतं आणि तू पहिल्या वर्षीच विसरलास. घास पाण्याने खाली ढकलला की पुढच्या घासाला जागा होते, साधी गोष्ट आहे. टंबलर-दवऱ्यातली साखरेची कॉफीही याच हिशोबात धर. दिवसातून चार कॉफ्या म्हणजे चार वेळा पातळ गोड. माझ्यासारखं बायपास असतं तर गोडाने घाम फुटून, छाती धडधडून आडवा झाला असतास आणि आपोआप शहाणा झाला असतास. स्लीव्हवाल्यांना तो धाक कमी, म्हणून त्यांनी जास्त जपायचं.

तुझी रात्रपाळी हा वेगळा प्रकार आहे. तुझे काका १९९८ मध्ये इरुंगाट्टुकोट्टैला ह्युंदाईचा कारखाना सुरू झाला त्या सुमारास पुण्याहून इकडे आले. या पट्ट्यातल्या पाळ्या मी पंचवीस वर्षं पाहिल्यात. पहाटे अडीचला जे हवंसं वाटतं ती निम्मी झोप असते. झोप कमी पडली की भूक वाढते, गोडाची जास्त. म्हणून ओरगडमला कामावर जायची बस पकडायच्या आधी घरी घट्ट जेवून निघायचं, डब्यात दोन उकडलेली अंडी आणि सुंडल ठेवायचं, आणि कॅन्टीनमध्ये बिस्किटांच्या टेबलाकडे पाठ करून बसायचं. हसू नकोस, पाठ करून बसण्याने खरंच फरक पडतो. सकाळी आलास की पडदे ओढ, फोन माझ्याकडे दे.

आणि आग्रह. आपल्याकडे पंगतीत तोंडाने आग्रह करतात, इथे मेसमध्ये हाताने. पानावर भात वाढणारा तू थांबवल्याशिवाय थांबत नाही. तमिळमध्ये एकच शब्द आधी पाठ कर: पोदुम. पुरे. पानावर हात आडवा धरून म्हणायचं, न लाजता, स्पष्ट. आदिकेशव पेरुमाळच्या देवळात पुळियोदरै, म्हणजे चिंचेचा भात, मिळाली तर नाही म्हणू नकोस, रामानुजाचार्यांच्या जन्मगावी राहतोस. पण द्रोण घरी आणायचा आणि चौघांत वाटायचा.

हे सगळं करूनही दोन-तीन महिन्यांत काटा हलला नाही, तर सर्जनकडे जा. तोंड लपवू नकोस. २०११ मध्ये नितीन गडकरींनी हे ऑपरेशन करून घेतलं तेव्हा कुठे आपल्या नात्यात लोक यावर उघड बोलू लागले. आता परत लाजण्यात काय अर्थ? पोट ताणलंय का, थायरॉईड काय म्हणतंय, चालू औषधांतलं कुठलं वजन वाढवतंय का, हे ते बघतील. काहींना पुन्हा ऑपरेशन सुचवतात. भुकेवरची इंजेक्शनंही आता आहेत, टिर्झेपाटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आलं. पण ते डॉक्टरांनी ठरवायचं, तुझ्या व्हॉट्सॲप ग्रुपने नाही. सतत उलट्या झाल्या किंवा पोटात जोरात दुखलं तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, तिथे मावशीचे कानमंत्र चालत नाहीत. आणि बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या जन्मभर. मी वर्षभर सोडल्या होत्या. बोटांना मुंग्या आल्या तेव्हा आठवण झाली.

उद्या अडै करते. डाळ भिजत घालायला सांग मला नऊच्या आत, विसरते हल्ली. आणि तो काटा पलंगाखालून काढून ठेव. रोज नको, रविवारी सकाळी, कॉफीच्या आधी. मीही उभी राहते तुझ्यानंतर.