तद्विद्यसंभाषा आणि संगणकावरील संख्याशास्त्र

चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठव्या अध्यायात तद्विद्यसंभाषेचा विचार विस्ताराने आला आहे. समान विद्येच्या जाणकारांनी परस्परांशी केलेल्या चर्चेने ज्ञान वाढते व संदेह फिटतो, हे तिचे फल. तिच्या दोन प्रकारांपैकी संधायसंभाषा, म्हणजे स्नेहभावाने केलेली चर्चा, संगणकावर रुग्णनोंदींचे विश्लेषण करतानाही किती उपयुक्त ठरते, याचा आम्हांस आलेला अनुभव वैद्यबंधूंपुढे व औषधनिर्माते-विक्रेते स्नेह्यांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही वापरतो ती ‘आर’ ही संगणकप्रणाली न्यूझीलंडमधील ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका व रॉबर्ट जेंटलमन यांनी निर्माण केली. १९९५ पासून ती मुक्त परवान्याखाली उपलब्ध असून तिची पहिली पूर्ण आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी प्रसिद्ध झाली. ती विनामूल्य असल्याने लहान दवाखान्यासही परवडते. मात्र तीत आज्ञा स्वतः लिहाव्या लागतात आणि अडचणी येतात त्या तेथेच.

आमची चूक

सातारा व सांगली येथील दोन दवाखान्यांतील पांडुरोगाच्या ४० रुग्णांच्या नोंदी आम्ही एकत्र केल्या होत्या. चिकित्सेपूर्वीचे व नंतरचे हिमोग्लोबिन यांची तुलना करावयाची होती. सरासरी काढण्याची आज्ञा दिली, तर उत्तर आले ‘एनए’, म्हणजे ‘मूल्य उपलब्ध नाही’. एका वैद्यमित्रांस दूरध्वनी केला. त्यांनी सांगितले, “रिकाम्या नोंदी वगळण्याची सूचना आज्ञेत घाला.” तसे करताच सुबक सरासरी आली. सुधारणा उत्तम दिसत होती. आम्ही लगेच गोषवारा लिहिला आणि एका फार्मसीचालक स्नेह्यांनी त्या कल्पाचा साठा वाढविण्याची तयारीही केली.

सुदैवाने गोषवारा पाठविण्यापूर्वी तो सांगलीतील एका संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांस दाखविला. त्यांनी आज्ञावली पाहिलीच नाही. एवढेच विचारले, “ही सरासरी किती रुग्णांची?” मोजले, तर ४० पैकी अवघे १८! उरलेले २२ रुग्ण साताऱ्याचे. तेथील साहाय्यकाने आकडे मराठी कळफलकावरून देवनागरीत टंकलिखित केले होते. आपणांस ते आकडे दिसतात. ‘आर’ला ती केवळ अक्षरे. अक्षरांचे संख्येत रूपांतर करताना प्रणालीने ‘एनए’ घातल्याचा इशाराही दिला होता, पण तो आम्ही वाचलाच नाही.

अक्षराच्या जागी अक्षर घालणारी आज्ञा ‘आर’मध्ये आहे. तिने देवनागरी अंकांच्या जागी इंग्रजी अंक घातले व सर्व रुग्ण गणनेत आले. सुधारणा पूर्वीइतकी ठळक राहिली नाही. गोषवारा मागे घेतला आणि फार्मसीचालक स्नेह्यांस तसे प्रांजळपणे कळविले.

वैद्यमित्रांचा सल्ला चुकीचा नव्हता; आमचा प्रश्न अपुरा होता. ‘एनए’ हे रूप होते, हेतू नव्हे. आम्ही रूपाचेच शमन केले. ज्वराचे निदान न करता केवळ अंग थंड करावे, तसाच हा प्रकार झाला.

सुखात्मे यांचा धडा

दोष गणितात नसून नोंदीत असतो, हे आपल्याच जिल्ह्याच्या एका सुपुत्राने फार पूर्वी दाखवून दिले आहे. खटाव तालुक्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले थोर संख्याशास्त्रज्ञ डॉ. पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात पीक-कापणीच्या पाहण्यांचा अभ्यास केला. शेतात फार लहान तुकडा आखून कापणी केली, की सीमेवरची रोपे आत धरली जातात आणि उत्पन्नाचा अंदाज फुगतो, हे त्यांनी सप्रमाण मांडले. बेरीज बिनचूक, पण सीमेवर काय आत घेतले हेच चुकलेले. आमच्या बाबतीत सीमेवरचे रुग्ण बाहेर राहिले, इतकाच भेद.

नित्याच्या तीन अडचणी

१. दिनांक : दिवस-महिना-वर्ष हा आपला क्रम. ‘आर’ मात्र न सांगता वर्ष प्रथम धरते. त्यामुळे ०५/०४/२०२४ हा दिनांक स्वरूप न सांगता दिल्यास तो इसवी सन ५ मधील २० एप्रिल होतो! दिनांकाचे स्वरूप आज्ञेत नेहमी स्पष्ट सांगावे.

२. अक्षरस्तंभ : २०२० मधील ४.०.० आवृत्तीपूर्वी अक्षरांचा स्तंभ वाचताना आपोआप ‘फॅक्टर’ होत असे. त्याचे थेट संख्येत रूपांतर केल्यास मूळ मूल्याऐवजी वर्गाचा अनुक्रमांक मिळतो, आणि तोही कोणत्याही इशाऱ्याविना. जुन्या पुस्तकांतील आज्ञा वापरताना हे ध्यानी ठेवावे.

३. अवतरणचिन्हे : ‘वर्ड’मधून उतरविलेल्या आज्ञेत वळणदार अवतरणचिन्हे येतात, ती प्रणालीस चालत नाहीत. चिन्हे पुन्हा टंकलिखित करावीत.

साहाय्य कसे मागावे

“आमचे चालत नाही” एवढ्यावर कोणीही निदान करू शकत नाही. “बरे वाटत नाही” म्हणणाऱ्या रुग्णास आपणही दहा प्रश्न विचारतोच. म्हणून पुढील क्रम आम्ही पाळतो.

प्रथम, आलेला संदेश अक्षरशः उतरवून द्यावा, स्वतःच्या शब्दांत नव्हे. दुसरे, ‘आर’ची आवृत्ती सांगावी. तिसरे, संपूर्ण नोंदवही न पाठविता जिच्यात दोष प्रकट होतो अशी पाच-सहा ओळींची प्रतिकृती पाठवावी. रुग्णाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक त्यातून कटाक्षाने काढावेत. चौथे, काय अपेक्षित होते व काय मिळाले, हे दोन्ही लिहावे. पाचवे, एका वेळी एकच बदल करून पाहावा. हा उपशयच होय. बहुधा प्रतिकृती सिद्ध करता करताच दोष आपला आपणांस सापडतो.

साहाय्य मिळाल्यावरही एक काम उरते. उत्तर आले, की ते किती रुग्णांचे आहे हे मोजावे आणि ती संख्या सरासरीशेजारी लिहावी. औषधनिर्मात्या व विक्रेत्या स्नेह्यांनीही कोणत्याही कल्पाची माहितीपत्रिका हाती आली, की हाच प्रश्न प्रथम विचारावा : रुग्ण किती घेतले आणि किती मोजले? त्या दोन संख्यांत अंतर असेल, तर त्याचे कारण मिळेपर्यंत साठा वाढवू नये.

आमच्या दोन्ही दवाखान्यांत आता नोंदी इंग्रजी अंकांतच होतात आणि प्रत्येक गोषवारा दुसऱ्या गावच्या वैद्यांनी तपासल्याविना बाहेर जात नाही. इत्यलम्.