लठ्ठपणा आणि दारिद्र्य

स्थूल मनुष्य दिसला की आपण त्याला ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतो, नाहीतर ‘खादाड’ ठरवितो. हे दोन्ही निवाडे घाईचे आहेत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या सुमारे २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर आढळले, तर सुमारे १९ टक्के स्त्रियांचे प्रमाणापेक्षा कमी. सुखवस्तू घरांत स्थूलता अधिक आहे हे खरे. तथापि ती गरिबांच्या घरीही शिरली आहे. साखर, मैदा, पामतेल व तळलेले पदार्थ थोड्या पैशांत पोट भरतात. डाळी, भाज्या व फळे महाग पडतात. पोट भरते, पोषण होत नाही.

दुसरे कारण जन्मापूर्वीचे आहे. पुण्याजवळील सहा खेड्यांत १९९३ पासून डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांच्या पथकाने गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडमधील साउथहॅम्प्टनच्या बालकांचे सुमारे ३.५ किलो. तरीही ह्या कृश बालकांत स्नायू कमी व चरबी त्या मानाने अधिक होती. मातेच्या कुपोषणाशी ह्याचा संबंध आहे, आणि अशा शरीराला पुढे मधुमेहाचा धोका अधिक असतो.

म्हणून स्थूल शेजाऱ्याला उपदेश करण्यापूर्वी त्याला काय परवडते ते पाहावे. तसेच घरात सर्वांच्या मागून जेवणाऱ्या गरोदर सुनेच्या ताटात डाळ व भाजी प्रथम वाढावी.