हक्काच्या अर्जाला किती पैसे पडतात?

दिव्यांग म्हणून नोकरीत डावललं किंवा बँकेने दारातूनच परत पाठवलं, तर दाद मागायला सरकारी फी जवळजवळ शून्य आहे. जबलपूरच्या विजय नगरातल्या माणसाचे पैसे जातात ते झेरॉक्सवर, बुडालेल्या रोजावर आणि क्वचित भोपाळच्या फेरीवर.

आधी कागद. दिव्यांगत्वाचं ओळखपत्र म्हणजे यूडीआयडी कार्ड मोफत मिळतं. अर्ज ऑनलाइन करायचा आणि तपासणी जिल्हा रुग्णालयात, म्हणजे आपल्या व्हिक्टोरियात. फॉर्म भरून देणारा त्याच्या कामाचे थोडे पैसे घेईल, ते ठीक. ‘अपंगत्वाची टक्केवारी वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला मात्र दमडीही देऊ नका. सरकारी नोकरीतल्या आरक्षणाला 40 टक्क्यांचा दाखला लागतो. भेदभावाची तक्रार त्याहून कमी टक्केवारीवरही करता येते.

नोकरीच्या जागी फार थोड्यांना माहीत असलेली एक गोष्ट आहे. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा, त्याचे नियम 2017 चे. त्या नियमांनुसार, कामासाठी लागणाऱ्या सोयीचा खर्च पूर्ण किंवा अर्धाही कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही. स्क्रीन रीडर असो की बुटकं टेबल, पैसे मालकाचे. अर्ज चार ओळींचा पुरे: ‘मला चालण्याचं 60 टक्के अपंगत्व आहे. माझी जागा दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही. तळमजल्यावर बसवावं. नकार असल्यास कारण लेखी द्यावं.’ शेवटची ओळ गाळू नका. भेदभावाची तक्रार आली की एक तर कारवाई करायची, नाही तर आपलं वागणं योग्य कसं ते लेखी कळवायचं, हे आस्थापनेच्या प्रमुखावर बंधनकारक आहे.

तिथे दाद लागली नाही, तर भोपाळला राज्य दिव्यांगजन आयुक्त आहेत. रेल्वे किंवा आयुध निर्माणीसारख्या केंद्राच्या आस्थापनेविरुद्ध दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे जायचं. फी नाही, वकीलही लागत नाही. स्पीड पोस्टाचा खर्च तेवढा. तक्रार 60 दिवसांत निकाली निघावी असा नियम आहे, अर्जात त्याची आठवण करून द्या. पण आयुक्त करतात ती शिफारस. ती नाकारणाऱ्याने तीन महिन्यांत कारण कळवायचं असतं, आणि पुढची पायरी उच्च न्यायालयाची. इथे जबलपूरकर नशीबवान, कोर्ट गावातच. वकिलाच्या फीची धास्तीही नको: 1987 च्या विधी सेवा कायद्याने दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, कोर्ट फीसुद्धा भरली जाते. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा 15100 वर फोन करा.

कधी साधं पत्रही पुरतं. अंध उमेदवारांना न्यायाधीश होण्यापासून रोखणारा मध्य प्रदेश न्यायिक सेवेचा नियम ‘6-अ’ सर्वोच्च न्यायालयाने 3 मार्च 2025 रोजी रद्द केला. सुरुवात झाली होती एका आईने सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रापासून.

पैसे मोजून घेतलेल्या सेवेत अडवणूक झाली, तर जिल्हा ग्राहक आयोग. सेवेसाठी दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर तिथेही फी नाही. आधी सल्ला हवा असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. तीन पायऱ्यांचा दवाखाना ‘रॅम्प आहे की’ म्हणत घसरगुंडी दाखवतो, तेव्हा टेप काढा: 45 सेंटिमीटर चढायला 1:12 उताराने 5.4 मीटर लांबीचा रॅम्प लागतो. फोटो काढा, बिल जपा. भरपाईची आशा ठेवा, घाई नको. 2012 मध्ये विमानातून उतरवल्या गेलेल्या जीजा घोष यांना 10 लाख रुपयांचा निकाल मिळाला तो 2016 मध्ये.

दिव्यांग हक्क कायद्यातला दंड पहिल्या वेळी 10 हजारांपर्यंत, पुन्हा केल्यास 50 हजार ते 5 लाख. तो तक्रारदाराच्या खिशात येत नाही.

तोंडी तक्रार करून घरी परतू नका. कलेक्ट्रेटच्या मंगळवारच्या जनसुनवाईतही अर्जाची दुसरी प्रत बरोबर न्या आणि तिच्यावर शिक्का, सही, तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.