कपॅसिटरजवळची ती कॉइल

प्रश्न : परभणीला जाताना एका ३३/११ केव्ही उपकेंद्रात कपॅसिटरशेजारी तारेची कॉइल दिसते. शॉर्टसर्किटचा करंट तीच अडवते का?
– एक वाचक, पिंगळी (जि. परभणी)

उत्तर : नाही. ती सिरीज रिॲक्टर; कपॅसिटर जोडताना उसळणारा करंट ती आवरते. शॉर्टसर्किटला इथे ट्रान्सफॉर्मरच पुरतो. ५ एमव्हीए आणि ७.१५ टक्के इम्पिडन्स (करंटला होणारा अडथळा) धरा : ११ केव्ही बाजूचा पूर्ण भाराचा करंट २६२ अँपिअर, भागिले ०.०७१५, म्हणजे जेमतेम ३,७०० अँपिअर. ब्रेकर तो सहज तोडतो. मग वेगळ्या रिॲक्टरवर खर्च कशाला?

तो लागतो मोठ्या वीजकेंद्रांत, कारखान्यांत. त्यात लोखंडी गाभा बहुधा मुद्दामच नसतो. असता तर प्रचंड करंटला संपृक्त होऊन ऐन वेळी दगा देता. मात्र अशा रिॲक्टरचं चुंबकीय क्षेत्र बाहेर पसरतं, म्हणून जवळच्या कुंपणात किंवा पायाच्या सळ्यांत लोखंडाचं बंद कडं ठेवत नाहीत. ते तापतं.