बाळाच्या लसीची आठवण : लघुसंदेशाचा उपयोग व मर्यादा

आपल्या देशात १९९५ साली पल्स पोलिओ मोहीम सुरू झाली. पोलिओच्या त्या ठरलेल्या रविवारची आठवण कोणालाही वेगळी करून द्यावी लागत नसे. रिक्षावरचा कर्णा, शाळेची प्रभातफेरी, शेजारच्या मुलाच्या करंगळीवरची शाई यांमुळे साऱ्या गावाला तो दिवस कळत असे. जानेवारी २०११ मध्ये भारतात पोलिओचा शेवटचा रुग्ण आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी देश पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणित झाले. या यशात लसीइतकाच त्या सामुदायिक आठवणीचाही वाटा आहे, असे आम्हांस वाटते.

नियमित लसीकरणाला असा गावाचा दिवस नाही. तेथे प्रत्येक बाळाची तारीख त्याच्या जन्मदिवसावरून ठरते आणि ती त्याची एकट्याची असते. तिचा गाजावाजा होत नाही. ती माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलेली असते आणि कार्ड बहुधा ट्रंकेच्या तळाशी असते. आमच्या लसीकरण विभागातून पालकांच्या भ्रमणध्वनीवर लघुसंदेश पाठविले जातात, ते या एकेकट्या तारखांसाठी. या साधनाने काय साधते व काय साधत नाही, याची माहिती आमच्या हितचिंतकांस व रुग्णांच्या कुटुंबीयांस असावी, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

शासनाच्या वेळापत्रकानुसार जन्मतः बीसीजी, पोलिओ व कावीळ-ब या लसी दिल्या जातात. त्यानंतर सहा, दहा व चौदा आठवड्यांना पंचगुणी लस येते. घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, कावीळ-ब व हिब जंतूचे आजार यांपासून ती संरक्षण देते. तिच्यासोबत पोलिओ व रोटाव्हायरसच्या, आणि ठरलेल्या भेटींना न्यूमोकोकल लसीच्या मात्रा असतात. येथपर्यंतच्या भेटी महिना-महिन्याच्या अंतराने येतात. पुढे मात्र साडेतीन महिन्यांपासून नवव्या महिन्यापर्यंत लांबलचक खंड पडतो. नवव्या महिन्याची गोवर-रुबेला लस अधिक लवकर देत नाहीत, कारण आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती पहिले काही महिने बाळाच्या रक्तात असते आणि ती लसीच्या कार्यात अडथळा आणते. म्हणजे हा खंड शास्त्राने घातलेला आहे, पण नेमक्या त्याच काळात तारीख विस्मरणात जाते. बाळ बसू लागलेले असते, उष्टावण झालेले असते, प्रकृती उत्तम असते. निरोगी बाळाला घेऊन दवाखान्यात जायचे, हे कोणाच्या मनातही येत नाही.

विस्मरणाची किंमत लहान नाही. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी व परिसरात गोवराची साथ आली आणि तीत बालके दगावली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पूर्ण लसीकरण झालेल्या बालकांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ५६ टक्के होते, ते २०१९-२१ च्या पाहणीत ७३ टक्क्यांच्या पुढे गेले. प्रगती मोठी आहे, तरी सुमारे चौथा हिस्सा बालके उरतातच. गोवरासारख्या अतिसंसर्गजन्य आजाराला तेवढी फट पुरते.

संदेश लिहिणे वाटते तेवढे सोपे नाही. रोमन लिपीतील एका लघुसंदेशात १६० चिन्हे मावतात, देवनागरीत मात्र ७०. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार प्रत्येकी एक चिन्ह म्हणून मोजले जाते. त्याहून लांब मजकूर दोन संदेशांत विभागला जातो आणि खर्चही दुप्पट होतो. शिवाय २०१८ च्या दूरसंचार विनियमांनंतर संस्थांना संदेशाचा मसुदा आधी नोंदवावा लागतो. मनात आले म्हणून ऐनवेळी शब्द बदलता येत नाही. तेव्हा नमस्कार, शुभेच्छा, संस्थेचे ब्रीद हे सारे बाजूला ठेवावे लागते. ‘बाळाची ९ महिन्यांची गोवर लस बाकी आहे. बुधवारी सकाळी या. कार्ड आणा.’ या मजकुरात रिकाम्या जागा धरून ६६ चिन्हे आहेत. कोणती लस, कोणता दिवस, सोबत काय आणायचे, एवढे त्यात येते. आमच्या मते यापेक्षा अधिक सांगणारा संदेश कमीच वाचला जातो.

अशा संदेशांचा प्रत्यक्ष परिणाम किती? पश्चिम केनियातील १५२ गावांत झालेल्या एका शिस्तबद्ध अभ्यासाचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. संदेश न मिळालेल्या गटात ८२ टक्के बालकांचे लसीकरण पूर्ण झाले, केवळ संदेश मिळालेल्या गटात ८६ टक्के, आणि संदेशासोबत वेळेवर घेतलेल्या प्रत्येक लसीमागे २०० शिलिंग मिळालेल्या गटात ९० टक्के. यांपैकी संख्याशास्त्राच्या कसोटीला निर्विवाद उतरला तो शेवटचाच फरक. हरियाणातील सात जिल्ह्यांत झालेल्या मोठ्या प्रयोगातून आणखी उपयुक्त बोध मिळतो. ज्यांच्या तोंडून गावात बातमी पसरते अशा व्यक्ती गावकऱ्यांकडूनच विचारून निवडल्या आणि त्यांच्या जोडीला लघुसंदेश दिले, तेव्हा खर्चाच्या मानाने सर्वाधिक लसीकरण झाले. आपल्याकडे अशी व्यक्ती पिठाच्या गिरणीवर भेटेल किंवा बचत गटाच्या बैठकीत. तिच्याकडे पद असतेच असे नाही.

भ्रमणध्वनी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आम्हांस लसीच्या साठ्याइतकाच महत्त्वाचा वाटतो. पहिले बाळंतपण बहुधा माहेरी होते. नोंदणीच्या वेळी क्रमांक दिला जातो तो बाळाच्या वडिलांचा किंवा मामाचा. सव्वा महिना किंवा तीन महिने झाले की बाळ-बाळंतीण सासरी जातात. सहा, दहा व चौदा आठवड्यांच्या मात्रा नेमक्या या स्थलांतराच्या आगेमागे पडतात. संदेश मामाकडे पोहोचतो. बाळ दुसऱ्या तालुक्यात असते. वडील पुण्यामुंबईस नोकरीला असतील तर तो वाचला जातो, आणि पाळी संपेपर्यंत घरी सांगायचा राहून जातो. म्हणून नोंद करताना दोन क्रमांक घ्यावेत, त्यांतील एक आईजवळ राहणारा असावा, असा आमचा आग्रह असतो. आईला वाचता येत नसल्यास, किंवा ती लमाणी अथवा कानडी बोलणारी असल्यास, लेखी संदेशापेक्षा परिचारिकेचा दूरध्वनी बरा. शासनाच्या ‘किलकारी’ सेवेत २०१६ पासून ध्वनिमुद्रित निरोप ऐकविले जातात, त्यामागे हेच व्यवहारज्ञान आहे.

ऊसतोडणी कामगारांच्या बाबतीत संदेशाचा खरा उपयोग दिसतो. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांच्या परिसरात कोप्या घालून राहतात आणि वसंतात परततात. घराचा पत्ता बदलतो, फडही बदलतो, क्रमांक मात्र सोबत असतो. अशा कुटुंबाला ‘आमच्याकडे या’ असे कळविणे निरर्थक आहे. कार्ड घेऊन जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जा, लस तेथेही विनामूल्य मिळते, असे कळविणे योग्य. लस कोणत्या दाराशी दिली गेली याची संस्थांनी चढाओढ करू नये.

ज्या घरी विसर नाही, भीती आहे, तेथे संदेश निरुपयोगी ठरतो. मागच्या लसीनंतर बाळाला ताप आला आणि आजीने ‘आता पुरे’ म्हटले, तर ७० चिन्हांत तिची समजूत घालता येत नाही. पंचगुणी लसीनंतर एक-दोन दिवस ताप येणे, मांडीवर सूज येणे हे अपेक्षित असते. हे लस देतानाच आईला आणि सोबत आलेल्या सासूबाईंना शांतपणे सांगावे लागते. आणि संदेश वाचून, दिवसाची मजुरी बुडवून आलेल्या आईला लस संपली म्हणून परत जावे लागले, तर पुढच्या संदेशावर ती विश्वास का ठेवील?

यावरून खर्चाचा विचार करता येईल. एका संदेशास काही पैसे पडतात. खर्च होतो तो क्रमांक तपासणाऱ्या, न आलेल्या बाळांची यादी काढून घरोघरी दूरध्वनी करणाऱ्या परिचारिकेच्या वेळेचा. संगणकावर देणगीदाराच्या नावाची पाटी लावता येते, परिचारिकेच्या तासांवर ती लावता येत नाही. तरीही देणगी देताना आपण या तासांचा विचार करावा, अशी आमची विनंती आहे. केंद्र शासनाच्या यू-विन प्रणालीतूनही आता नोंदणीकृत पालकांना संदेश जातात. तेथील क्रमांक जुना झाला असेल, तर तो बदलून घ्यायलाही कोणीतरी माणूस लागतोच.

पालकांसाठी थोडे. भ्रमणध्वनी क्रमांक बदलल्यास लसीकरण कक्षात कळवावे. किरकोळ सर्दी-खोकला असला तरी बाळाला आणावे. लस द्यावयाची की नाही हे डॉक्टर ठरवितील. तारीख उलटून गेली असल्यास संकोच करू नये. राहिलेल्या मात्रा जेथे थांबल्या तेथून पुढे दिल्या जातात, पहिल्यापासून आरंभ करावा लागत नाही. कार्ड हरविले असल्यास तसेच यावे. बाळाची जन्मतारीख व पूर्वी दिलेला क्रमांक सांगितल्यास नोंदवहीवरून दुसरे कार्ड करून दिले जाते.